तोफांच्या कानात मेण : रामचंद्रपंत अमात्यांची गोष्ट



इतिहासाच्या तासाला दारूकोठार हा शब्द आला की वर्गात खसखस पिकतेच. मागच्या बाकावरचे दोघेतिघे एकमेकांना कोपराने ढोसतात. मग सांगावं लागतं, बाळांनो, ही प्यायची दारू नव्हे, उडवायची. सोरा, गंधक आणि कोळसा. यंदा मी तो हशा तसाच धरून धडा पुढे नेला आणि मुलांना रामचंद्रपंत अमात्य सांगितले. एरवी आपल्या तासात पंतांच्या वाट्याला अष्टप्रधानांच्या तक्त्यातली एक ओळ आणि आज्ञापत्राचा एक उल्लेख, एवढंच येतं. परीक्षेत जोड्या लावा मध्ये एक गुण.

खरं सांगायचं तर मला हा माणूस आवडायला लागला तो इतिहासाच्या पुस्तकामुळे नाही, रायफलमुळे.

मी कॉलेजात एनसीसीत होते. रत्नागिरीतच. आमच्याकडे जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या, म्हणजे .३०३ इंच नळीच्या, दोन्ही महायुद्धांत वापरल्या गेलेल्या ली-एनफिल्ड जातीच्या. लाकडी दस्ता, वजन चार किलोच्या आसपास, आणि तेलाचा एक वास जो हाताला दुसऱ्या दिवशीपर्यंत राहायचा. कॅम्पात फायरिंग झालं की रायफल साफ करायची. बोल्ट काढून बाजूला ठेवायचा. दोरीच्या एका टोकाला पितळेचं वजन असतं, त्याला पुलथ्रू म्हणतात. ते मागच्या बाजूने नळीत सोडायचं, दुसऱ्या टोकाच्या फासात फ्लॅनेलची चिंधी घालायची आणि एका दमात ओढायची. अर्ध्यावर थांबायचं नाही. चिंधी काळी निघते. दुसरी घाला, तिसरी घाला, पांढरी निघेपर्यंत. मग तेलाची चिंधी. शेवटी नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख उजेडात धरायचं आणि पुढून डोळा लावून बघायचं. नखावरून परतलेला उजेड नळीत पडतो आणि आतल्या वळणदार खाचा चकचकीत दिसतात. दिसल्या तर ठीक.

जुलैतला कॅम्प होता. मला गावाकडची शेवटची एसटी गाठायची होती. मी दोन चिंध्या ओढल्या, वरून तेल चोळलं आणि रायफल जमा केली. पुढच्या परेडला हवालदार साहेबांनी तीच रायफल माझ्या हातात दिली आणि नख धरून बघायला सांगितलं. आत लाल पूड. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी मला ती साफ करायला बसवलं आणि ती झाल्यावर आमच्या सेक्शनच्या बाकीच्या सगळ्या रायफलीही माझ्यापुढे मांडल्या. संध्याकाळी कारण सांगितलं. जुन्या काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते तिच्यातल्या रसायनाचा क्षार बार उडाल्यावर नळीत राहतो. तो हवेतलं पाणी ओढतो, पावसाळ्यात आपल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तसं. तेल चोळून तो जात नाही, कारण तेलात क्षार विरघळत नाही. म्हणून जुन्या शिपायांची रीत अशी की नळीत आधी उकळतं पाणी ओतायचं, मग कोरडी चिंधी, मग तेल. मी नेमकं उलटं केलं होतं. क्षाराला तेलाखाली झाकून ठेवलं होतं.

पुढे कित्येक वर्षांनी आज्ञापत्र सलग वाचलं. दुर्गांच्या प्रकरणात पंत सांगतात की पावसाळ्यात तोफांना आणि दरवाज्यांना तेल-मेण द्यावं, तोफांचे कान मेणाने भरावेत आणि तोफांवर आडोसा घालावा, म्हणजे त्या खराब होणार नाहीत. पुस्तक खाली ठेवलं आणि आधी ते हवालदार साहेब आठवले.

आता पंतांकडे वळू.

रामचंद्रपंतांचा जन्म साधारण १६५० चा. वडील नीळकंठ सोनदेव, म्हणजे निळोपंत. शिवाजी महाराजांचे मुजुमदार. कल्याण घेणारे आबाजी सोनदेव हे याच घराण्यातले, पंतांचे काका. मुजुमदार म्हणजे राज्याचा जमाखर्च तपासणारा. घरात दिवसरात्र हिशेबाची चर्चा, आणि मुलगा त्यातच वाढला. निळोपंत गेल्यावर काम मुलांकडे आलं. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, पदांना संस्कृत नावं मिळाली, मुजुमदाराचा अमात्य झाला आणि त्या पदावर रामचंद्र नीळकंठ उभे राहिले. वय चोविसाच्या आसपास. अष्टप्रधानांत एवढं तरुण दुसरं कोणी नसावं. मुलांना हे सांगा, त्यांना बरं वाटतं.

शिवाजी महाराज १६८० मध्ये गेले. नंतर संभाजी महाराजांचा काळ आला आणि त्या काळाचा शेवट आपल्या जिल्ह्यात झाला. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले. शास्त्री नदीकाठचं हे गाव आपण एसटीच्या खिडकीतून बघतो आणि पुढे जातो. मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज पन्हाळ्याकडून निघून, वेषांतर करत, दूर तमिळ मुलखात जिंजीला पोचले. राजा एक हजार किलोमीटरवर, राजधानी शत्रूकडे, खजिना रिकामा, आणि औरंगजेब स्वतः दख्खनमध्ये तळ देऊन बसलेला.

इथे महाराष्ट्राचा कारभार ज्यांच्या हाती दिला ते रामचंद्रपंत. त्यांना हुकूमतपनाह असा किताब दिला, म्हणजे राजाच्या वतीने हुकूम द्यायचा अधिकार. शंकराजी नारायण, परशुराम त्रिंबक हे त्यांच्या जोडीला, आणि रणांगणात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव. संताजी-धनाजींच्या गोष्टी मुलांना पाठ असतात. घोड्यांना पाण्यात ते दिसायचे वगैरे. पण त्या घोड्यांना दाणा, शिपायाला पगार आणि किल्ल्यावर धान्य कुठून यायचं हे विचारलं तर वर्ग गप्प होतो. त्याचं उत्तर विशाळगडावर होतं. पंतांनी कारभाराचं मुख्य ठाणं तिथे ठेवलं.

विशाळगड कुठे आहे हे रत्नागिरीच्या मुलांना नकाशावर दाखवाच. तो कोल्हापूर जिल्ह्यात मोजतात, पण आहे सह्याद्रीच्या धारेवर. साखरप्यावरून आंबा घाट चढून वर गेलं की त्याच डोंगररांगेत तो येतो. एका बाजूला देश, दुसऱ्या बाजूला आपलं कोकण आणि बंदरं. पाऊस इतका की भिंतीला हात लावला तर ओला निघतो. आमच्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, घाटमाथ्यावर त्याहूनही जास्त. अशा ठिकाणी बसून एक हिशेबनीस राज्य चालवत होता, आणि त्या राज्याची बहुतेक मालमत्ता म्हणजे किल्ले आणि किल्ल्यांवरचं सामान.

हे सामान कसं होतं ते जरा समजून घेऊ, म्हणजे पंतांची काळजी कळेल. तेव्हा आजच्यासारखी काडतुसं नव्हती. बंदूक होती तोड्याची. नळीत दारू आणि गोळी घालून गजाने ठासायची, कानाजवळ रंजक म्हणजे बारीक दारू ठेवायची आणि पेटती जामगी टेकवायची. जामगी भिजली की बंदूक म्हणजे नुसती काठी. तोफेचंही तेच, फक्त आकार मोठा. तोफेचा कान म्हणजे मागच्या अंगाला वरून पाडलेलं बारीक भोक, जिथून बत्ती देतात. पावसाचं पाणी सरळ त्या भोकात पडतं आणि नळीच्या बुडाशी साचतं. आत आधीच्या बारांचा मळ असतो, त्यात क्षार, म्हणजे माझ्या थ्री-नॉट-थ्रीचीच गोष्ट. लोखंड आतून खातं, कानाचं भोक गंजून रुंद होतं. मग बत्ती दिली की जोर गोळ्यामागे लागायच्या ऐवजी कानावाटे वर निघून जातो. गोळा जवळच पडतो आणि गोलंदाजाचं तोंड भाजतं. बाहेरून तोफ धडधाकट दिसते. म्हणून मेण. मेण पाण्यात विरघळत नाही, भोकात घट्ट बसतं आणि काम पडलं की टोकदार सळईने काढता येतं. खर्च काहीच नाही.

पंत तेवढ्यावर थांबत नाहीत. दारूचं कोठार राहत्या घराजवळ असू नये. जमिनीला गच करावा, वर माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत, ओल लागू देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः यावं, दारू, बाण, हुक्के बाहेर काढावेत, उन्हं द्यावीत आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावेत. बाण म्हणजे धनुष्याचे नव्हेत, दारूचे, रॉकेटसारखे. हुक्के म्हणजे दारू भरलेले फेकायचे गोळे. तोफेपाशी गज, कुंचे, जामग्या आणि गोळे हाताशी असावेत. कुंचा म्हणजे नळी झाडायचा ब्रश. म्हणजे साफसफाईचं सामान दारूगोळ्याच्या यादीत, त्याच मानाने. तटावर वाढलेली झाडंझुडपं वरचेवर कापावीत, नाहीतर मुळं दगड फोडतात. आणि गडावरचा केर खाली टाकू नये, जागच्या जागी जाळावा, राख परसात घालून भाजीपाला करावा. हे शेवटचं वाचून आमच्या शाळेच्या परसबागेतल्या मुली खूश झाल्या.

हवालदाराने स्वतः, यावर माझं बोट थांबलं. गडाचा मुख्य अधिकारी तो. त्याने कोणाला तरी सांगायचं नाही, यायचं, उघडायचं, बघायचं आणि पुन्हा शिक्का मारायचा. अमात्याच्या घरातला मुलगाच असं लिहिणार. हिशेब तपासणारा वहीवर विश्वास ठेवत नाही, कोठार उघडायला लावतो.

पंतांनी हे कुठल्या ग्रंथातून उचललं नाही. १६९० नंतरच्या आठ-नऊ वर्षांत त्यांच्या डोळ्यांदेखत किल्ले गेले आणि परत आले. शंकराजी नारायणांनी राजगड-तोरण्याचा भाग सोडवला, १६९२ मध्ये परशुराम त्रिंबकांनी पन्हाळा घेतला. परत आलेला किल्ला काय स्थितीत असतो, कोठारात दारू ओली आहे की कोरडी, तोफ कुठे पडली आहे, हे त्यांच्यापर्यंत रोज येत असणार. जिंजी १६९८ मध्ये पडली, पण राजाराम महाराज सुटून विशाळगडाला आले. राजाला परत यायला घर शिल्लक होतं, ही पंतांची कमाई.

राजाराम महाराज मार्च १७०० मध्ये सिंहगडावर वारले. ताराबाईंनी मुलाला गादीवर बसवून लढा पुढे नेला. आता औरंगजेब स्वतः एकेक किल्ला घ्यायला निघाला. १७०१ च्या अखेरीस तो विशाळगडाखाली आला. परशुराम त्रिंबकांनी गड सहा महिने भांडवला आणि जून १७०२ मध्ये रक्कम घेऊन सोडला. म्हणजे नेमका मृगाच्या तोंडावर! बादशहाला किल्ला मिळाला आणि वर पाऊस मिळाला. विशाळगड ते पन्हाळा हे अंतर आपण आज गाडीने दोन-अडीच तासांत जातो. बादशाही फौजेला चिखल, ओढे आणि पूर यांतून ते कापायला महिन्याहून जास्त लागला. जनावरं मेली, माणसं वाहून गेली, सामान टाकून द्यावं लागलं. गड तर काही वर्षांत मराठ्यांनी परत घेतलाच. पाऊस कोणाचाच मित्र नसतो, पण ज्याला त्याची सवय आहे त्याचं नुकसान कमी होतं.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पुढची सांगताना मी जरा अडखळते, आणि मुलांपासून ते लपवत नाही.

१७०७ मध्ये औरंगजेब मेला, शाहू महाराज सुटून आले आणि घरात दोन गाद्या झाल्या. सातारा आणि कोल्हापूर. पंत ताराबाईंकडे राहिले. पण १७१४ मध्ये पन्हाळ्यावर उलथापालथ झाली. ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत गेले, आणि सवत राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर आला. या बदलात पंतांचा हात होता असं बहुतेक इतिहासकार मानतात. आठवीतल्या एका मुलीने विचारलं, बाई, मग पंत फितूर का? मी म्हटलं, तू ठरव, पण आधी पुढचं ऐक. मला स्वतःला वाटतं की पंतांची निष्ठा माणसांपेक्षा कारभारावर जास्त होती. त्यात त्यांचा मोठेपणा आहे आणि ताराबाईंवरचा अन्यायही आहे. दोन्ही एकाच वेळी.

असंच वतनांचं. औरंगजेब मराठा सरदारांना वतनांचं आमिष दाखवत होता, म्हणून राजाराम महाराजांच्या काळात मराठी राज्यानेही वतनं वाटली. तो कारभार पंतांच्याच हातून झाला. आणि म्हातारपणी हेच पंत लिहितात की वतनदार म्हणजे राज्यातले छोटे राजेच, त्यांच्यावर फार विसंबू नये. स्वतःच्या हाताने केलेल्या गोष्टीतला धोका त्यांना दिसला होता. उशिरा, पण दिसला.

आज्ञापत्र १७१५ मधलं. कोल्हापूरच्या तरुण संभाजी महाराजांच्या नावाने काढलेलं, लिहिणारे पंत, वयाची पासष्टी आलेली. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, राजाराम महाराज, ताराबाईंचे शिवाजी आणि आता हे, अशा पाच कारकिर्दी त्यांनी पाहिल्या होत्या. राजाने कसं वागावं, प्रधान कसे असावेत, सावकारांना कसं सांभाळावं, हे सगळं त्यात आहे. टोपीकर व्यापाऱ्यांना वखारीसाठी ऐन समुद्रकाठी जागा देऊ नये, द्यायचीच तर राजापूरसारखी आत द्यावी, असा सल्लाही आहे. राजापूरला इंग्रजांची वखार होती आणि १६६० मध्ये त्यांनी सिद्दी जौहरला पन्हाळ्याच्या वेढ्यात तोफगोळ्याची मदत केली होती, हे पंत विसरलेले नव्हते.

आणि हो, दर जूनमध्ये आपल्या मोबाइलवर फिरणारा झाडांबद्दलचा मजकूर, आरमारासाठी आंबे-फणस तोडू नयेत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, तो याच आज्ञापत्रातला आहे, आरमाराच्या प्रकरणातला. धोरण शिवाजी महाराजांच्या काळापासूनचं असेल, पण ते असं मांडून ठेवलं पंतांनी. फलकावर लिहिताना त्यांचंही नाव घाला.

वर्गासाठी एक करून बघा. पाच सारखे खिळे घ्या. एक कोरडा, एक मिठाच्या पाण्यात बुडवून तसाच ठेवलेला, एक मिठाच्या पाण्यातून काढून लगेच तेल चोळलेला, एक साध्या पाण्याने धुऊन, पुसून मग तेल लावलेला, आणि एक मेणात बुडवलेला. जुलैत खिडकीच्या कट्ट्यावर पंधरा दिवस ठेवा. तिसऱ्या खिळ्याकडे मुलांचं लक्ष वेधा. तो माझा खिळा. खंडेनवमीला घरोघरी कोयते, विळे, पावशा धुऊन पुसून पाटावर मांडतात ते का, हेही त्याच तासात विचारता येतं. आमच्या वर्गात एका मुलाने सांगितलं की त्याचे आजोबा कोयत्याला खोबरेल लावतात आणि त्याआधी चुलीपाशी शेकवतात. ओल जावी म्हणून. आज्ञापत्र त्यांनी वाचलेलं नाही.

आज्ञापत्र लिहून झालं आणि काही महिन्यांतच, १७१६ मध्ये पंत पन्हाळ्यावर वारले. बावड्याची जहागीर त्यांच्या घराण्याकडे पुढे इंग्रजी अमदानीतही चालत राहिली, म्हणून ते बावडेकर. पन्हाळ्यावर त्यांची समाधी आहे. रत्नागिरीहून सहल नेत असाल तर आंबा घाटातून विशाळगड आणि पावनखिंड करून पन्हाळ्याला जाता येतं. तीन दरवाजा, अंबरखाना हे सगळे दाखवतात. समाधी मात्र वाटाड्याला मुद्दाम सांगावी लागते, आणि पावसाळ्यात गेलात तर पायऱ्यांवर शेवाळ असतं, मुलांना हात धरून न्या.